शेवटाविरुद्ध अर्ज

आमच्या शाखेतील एक तरुण सहकारी गेल्या महिन्यात एक मसुदा घेऊन आमच्या टेबलापाशी आला. कुठल्याशा परदेशी कंपनीचा संगणकावरील एक खेळ त्याने रात्री जागून पुरा केला होता. त्याचा शेवट त्याला मानवला नव्हता, आणि 'हा शेवट बदलून मिळावा' असा सामुदायिक अर्ज तो कंपनीकडे धाडणार होता. मसुदे तपासणे हाच आमचा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा आम्ही भाषा सुधारून द्यावी आणि खाली सहीही करावी, अशी त्याची इच्छा. आम्ही सही केली नाही. का केली नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

'खेळ' हा शब्द वाचून काही वाचक नाक मुरडतील. त्यांस आमचे सांगणे असे की, हे खेळ आता सोंगट्यांचे राहिलेले नाहीत. त्या बृहत्कादंबऱ्या झाल्या आहेत. एकेक खेळ पुरा करण्यास तीस-चाळीस, प्रसंगी शंभर तास लागतात. आणि कोणाला वाचवायचे, कोणाला सोडायचे, हे खेळणाराच ठरवितो. नाटकाचा प्रेक्षक खुर्चीत बसून डोळे पुसतो. येथे प्रेक्षकच रंगमंचावर उभा असतो. म्हणून शेवट फसला की त्याला होणारे दुःख भागीदाराचे असते. त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही.

या वादात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कलावंत सार्वभौम आहे. त्याने दिले ते मुकाट्याने घ्यावे. दुसरा म्हणतो, आम्ही पैसे मोजले आहेत. शेवट आम्हांस हवा तसा मिळाला पाहिजे. आमच्या मते दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही ओरडा किती झाला एवढेच पाहतात. तक्रारीत काय लिहिले आहे, ते कोणीच वाचत नाही. वाचले तर दिसेल की 'मला दुःख झाले' ही एक तक्रार आहे आणि 'माझी फसवणूक झाली' ही अगदी वेगळी. पहिलीला उपाय नाही, असूही नये. दुसरीला उपाय दिलाच पाहिजे.

पहिली तक्रार आपल्याला नवी नाही. संस्कृत नाटकाने शोकान्त वर्ज्य मानला. भवभूतीला सीतेचा भूप्रवेश रुचला नाही, म्हणून 'उत्तररामचरिता'त त्याने रामसीतेचे मीलन घडविले. परंतु त्याने वाल्मीकीच्या पोथीवर खाडाखोड केली नाही. स्वतःचे नाटक लिहिले. शेवट नावडलेल्या रसिकाला याहून सभ्य मार्ग आम्हांस माहीत नाही. पुढे मराठी रंगभूमीने शोकान्तही पचविला. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले आणि 'एकच प्याला' त्यानंतर रंगभूमीवर आले. सिंधूला वाचवा, असा अर्ज करण्यास कर्ता उरलाच नव्हता. तो असता आणि त्याने सिंधूला वाचविले असते, तर त्या नाटकात काय उरले असते?

इब्सेनने मात्र एकदा मान तुकविली. 'अ डॉल्स हाऊस'मधील नोरा घर सोडून जाते. जर्मनीतील एका प्रख्यात नटीने, 'मी माझ्या मुलांना टाकून कधीच जाणार नाही', म्हणून तो शेवट करण्याचे नाकारले. तेथे त्याच्या लेखनाला कायद्याचे संरक्षण नव्हते. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी, म्हणून 1880 साली त्याने नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी थांबविले. आणि हा आपल्या नाटकावरील रानटी अत्याचार आहे, असेही स्वतःच सांगून टाकले. आज तो गोड शेवट केवळ अभ्यासकांच्या कुतूहलापुरता उरला आहे.

आता दुसरी तक्रार. 2008 सालच्या 'फॉलआउट 3' या खेळाच्या अखेरीस प्राणघातक किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कोणीतरी शिरणे भाग असते. त्या किरणांची बाधाच न होणारा सोबती शेजारी उभा असला, तरी तो 'हे तुझेच विधिलिखित' म्हणून हात झटकतो आणि कोणा माणसालाच मरावे लागते. ही शोकांतिका नव्हे. ग्रंथकर्त्याने पान 10 वर घातलेला नियम पान 300 वर विसरावा, तसा हा प्रकार आहे. कंपनीने 2009 साली पुरवणी काढून ही विसंगती दूर केली, परंतु त्या पुरवणीचे वेगळे पैसे घेतले! चूक आपली आणि बिल गिऱ्हाइकाचे, हा न्याय आम्हांस समजत नाही.

'मास इफेक्ट 3' या खेळाची गोष्ट तर सर्वांत बोलकी. तो मार्च 2012 मध्ये आला. शेवट 'अ, ब, क यांतून एक निवडा' अशा थाटाचा नसेल, असे त्याच्या दिग्दर्शकाने आधी मुलाखतीत सांगितले होते. प्रत्यक्षात खेळणारांच्या हाती आले तीन शेवट, आणि त्यांत ठळक फरक काय तो रंगांचा : तांबडा, निळा, हिरवा. रसिकांनी कॅनडातील बायोवेअर कंपनीस याच तीन रंगांचे सुमारे चारशे छोटे केक धाडले. रंग निराळे, चव मात्र सर्वांची एकच. इतकी मार्मिक टीका आम्ही फार थोड्या परीक्षणांत वाचली आहे. कंपनीच्या एका संस्थापकाने जाहीर पत्र लिहिले, कलेचा मानही राखला आणि टीकेचाही. आणि जूनमध्ये विस्तारित शेवट विनामूल्य दिला. त्यात मूळचे तीन मार्ग कायम ठेवून त्यांचे परिणाम उलगडून दाखविले आणि तिन्ही नाकारण्याची मुभा दिली. काहींचे समाधान तरीही झाले नाही. परंतु दिलेल्या वचनाची थकबाकी फेडण्याचा तो प्रामाणिक यत्न होता, असे आम्ही समजतो.

आपल्या घरचे उदाहरण पुण्याचे आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या मंडळीने 2020 साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ जगापुढे ठेवला. असुरांनी पळविलेल्या भावाचा शोध घेणारी बहीण आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णू, अशी त्याची मांडणी. खेळाच्या देखणेपणाची वाहवा झाली. कथा मात्र ऐन रंगात येऊन तुटते, अशीही तक्रार झाली. आम्हां परप्रांतस्थांची येथे एक खोड आहे. दिल्लीत मराठी नाटक क्वचित येते, म्हणून शेवट पडला तरी आम्ही टाळ्या वाजवून उठतो. पुण्याच्या खेळालाही तसेच वागवावे काय? मुळीच नाही. अपुऱ्याला अपुरे म्हणणे हाही सन्मानच आहे. अपुरा शेवट ही फसवणूक नव्हे, ती उधारी आहे, आणि ती पुढच्या कृतीनेच फिटते. या मंडळीने 2022 साली हिंदी संवादांसह सुधारित आवृत्ती काढली आणि 2025 साली पुढील भाग जाहीर केला. हाच रास्ता मार्ग आहे.

कोणी विचारील, दुःख कोणते आणि फसवणूक कोणती, हे ठरवायचे कोणी? आम्ही म्हणतो, दप्तराने. कृतीने स्वतः घातलेले नियम आणि कर्त्याने स्वतः दिलेली वचने, हे ते दप्तर. त्यात दोष दिसला तर अर्जावर एकच सही असली तरी दाद द्यावी. न दिसला तर लाख सह्या असल्या तरी अर्ज फेटाळावा, मात्र सकारण फेटाळावा. 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे' या वाक्याची खरी किंमत आम्हां सरकारी नोकरांइतकी कोणास ठाऊक असणार? आणि 2020 साली 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागातील एका अभिनेत्रीला, केवळ तिने वठविलेल्या पात्राच्या रागापोटी, ज्यांनी खुनाच्या धमक्या धाडल्या, त्यांचे कागद अर्ज या सदरात बसतच नाहीत. त्यांची जागा पोलिसांकडे.

सहकाऱ्याचा मसुदा आम्ही तपासून परत केला. नायक मेला म्हणून केलेला सारा विलाप आम्ही तांबड्या शाईने छाटला. कंपनीने आधी काय सांगितले होते आणि हाती काय दिले, एवढा एकच परिच्छेद शिल्लक ठेवला. तो वाचून गडी म्हणाला, "यात तर काहीच उरले नाही." आम्ही म्हटले, "उरले आहे तेवढेच तुमचे येणे आहे. तेवढ्यावर आम्ही सही करतो."