खेळ नातवाचा, आवाज आजोबांचा

घरातील वयोवृद्ध व्यक्तीशी दिवसभरात कोणती वाक्ये बोलली जातात, याची एकदा नोंद करून पाहावी. ‘गोळी घेतलीत का?’, ‘जेवून घ्या’, ‘दार लावून बसा’. या वाक्यांत काळजी पुरेपूर असते. परंतु ज्यांचे उत्तर ऐकण्याची कोणाला उत्सुकता आहे, अशी वाक्ये त्यांत क्वचितच सापडतात. बोलण्याचे निमित्त सरले की बोलणे आटते, आणि बोलणे आटले की माणूस हळूहळू आपल्या खोलीपुरता उरतो. यावर एक उपाय या वेळी सुचवावासा वाटतो. तो प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तरीही वाचकांनी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

आपल्या नातवंडांच्या मोबाइलवर ‘पोकेमॉन गो’ हा खेळ कदाचित असेल. पोकेमॉन म्हणजे काल्पनिक, चित्रविचित्र प्राणी. ज्यांच्या कल्पनेतून ते जन्मले, त्या सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्या छंदातूनच १९९६ साली पहिला खेळ आला. २०१६ साली आलेल्या मोबाइलवरील खेळाचे वैशिष्ट्य असे, की तो खुर्चीत बसून फारसा पुढे सरकत नाही. प्राणी पकडण्यासाठी खऱ्या रस्त्यावर हिंडावे लागते. खेळातील अंडे उबवायचे तर त्याच्या प्रकारानुसार ठरावीक किलोमीटर चालावे लागते. हे अंतर थोडेथोडे करून अनेक दिवसांत पुरे केले तरी चालते. वेगात जाणाऱ्या वाहनातून केलेला प्रवास मात्र त्यात धरला जात नाही.

हा खेळ केवळ मुलांचा नाही. तैवानमधील चेन सान-युआन यांना तो त्यांच्या नातवाने २०१६ मध्ये शिकवला. वयाच्या सत्तरीत सायकलच्या पुढे अनेक मोबाइल लावून हिंडणारे हे आजोबा पुढे जगभर ओळखले गेले. त्यांच्यासारखे अनेक फोन घेऊन हिंडण्याची गरज नाही; नातवाकडून शिकण्याची त्यांची तयारी तेवढी घ्यावी.

तथापि, खेळाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील १८ ते ३५ वयोगटातील खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांची रोजची चाल सरासरी ९५५ पावलांनी वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत ती पूर्वपदावर आली. तरुणांची ही गत, तर इतरांचे काय? नावीन्य ओसरते. चालणे टिकवायचे असेल, तर परतल्यावर कोणाला तरी काही सांगायचे आहे, अशी ओढ हवी.

ती ओढ लावण्यासाठी नातवंडासह एक छोटा पॉडकास्ट सुरू करावा. पॉडकास्ट म्हणजे आपल्या सवडीने ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. रत्नागिरी आकाशवाणी ऐकत ज्यांची सकाळ उजाडली, त्यांना ही कल्पना नवी नाही; फरक इतकाच, की येथे निवेदक आपणच.

कामाची वाटणी सोपी आहे. प्राण्यांची माहिती नातवंडाने सांगावी, जागेची आजी-आजोबांनी. या खेळातील थांबे बहुधा पुतळे, मंदिरे, उद्याने, जुन्या वास्तू अशा ठिकाणी असतात, आणि रत्नागिरीत अशा जागांना तोटा नाही. थिबा राजवाड्याजवळ एखादा प्राणी सापडला, तर नातू त्याचे गुण सांगेल. आजोबांनी सांगावे, की १८८५ साली ब्रिटिशांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा या गावी आणला गेला, त्याच्यासाठी १९१० मध्ये हा वाडा उभा राहिला आणि १९१६ मध्ये राजाचा अंत याच गावी झाला. पतितपावन मंदिरापाशी १९३१ सालची, सर्व जातींना खुल्या झालेल्या गाभाऱ्याची हकिकत निघेल. मांडवीच्या धक्क्यावर जुन्या बोटींच्या आठवणी निघतील. अंथरुणाला खिळलेल्यांनीही वगळले जाऊ नये. नातीने हिंडून यावे, ‘आज अमुक ठिकाणी गेले होते’ एवढे सांगावे आणि ‘तिथे पूर्वी काय होते?’ असे विचारावे. उत्तर ऐकण्यासाठी विचारलेला प्रश्न तो हाच.

साधनसामग्री फारशी लागत नाही. मोबाइलमधील ध्वनिमुद्रणाची सोय पुरते. गाद्या-गोधड्या असलेली खोली निवडावी, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा बंद करावा आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. पावसाळ्यात पत्र्यावरची सर ओसरण्याची वाट पाहावी. भाग दहा मिनिटांचा पुरे; पंधरवड्यातून एक झाला तरी उत्तम. तो सर्व जगाला ऐकवलाच पाहिजे असे नाही. पुण्या-मुंबईच्या नातलगांना पाठवला, तरी श्रोते मिळाले. वाढत्या वयात स्वरतंतू क्षीण होतात आणि श्वास अपुरा पडतो. म्हणून बोलण्यापूर्वी घोटभर पाणी प्यावे, वाक्ये लहान ठेवावीत, दम लागल्यास थांबावे.

काही पथ्येही आहेत. चालताना पडद्याकडे पाहू नये, थांबूनच पाहावे. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, त्या काळात किल्ल्याची चढण टाळावी. गुडघे, हृदय किंवा तोल यांचा त्रास असल्यास किती चालावे हे डॉक्टरांना विचारावे. खेळात पैसे खर्च करण्याची सोय असते. बँकेचे खाते त्याला जोडू नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. कार्यक्रमात घराचा पत्ता, मुलाची शाळा किंवा फिरायला जाण्याची ठरलेली वेळ सांगू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हा छंद स्मृतिभ्रंशावरील औषध नव्हे, आणि तसा दावा कोणी केल्यास विश्वास ठेवू नये. मात्र जुने भाग जपून ठेवावेत. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, किंवा काही महिन्यांत नेहमीचे शब्द वारंवार अडू लागले, तर हे भाग डॉक्टरांना ऐकवता येतात. बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर ध्वनिमुद्रण ऐकत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

या रविवारी नातवंडाला जवळ बसवून पहिला प्रश्न आपणच विचारावा: ‘तुझा सर्वांत आवडता प्राणी कोणता, आणि तो का आवडतो?’ ते मूल बोलू लागले की मध्ये तोडू नये. त्याचे सांगून झाल्यावर पाळी आपली आहे.