पुन्हा तेच पाहण्याविषयी

‘‘अगं, तेच तेच काय बघत बसतेस?’’ असे आई विचारते, मैत्रिणीही विचारतात. त्यांना उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

‘गिल्मोर गर्ल्स’ ही अमेरिकन मालिका २००० ते २००७ या काळात चालली. सोळाव्या वर्षी आई झालेली लोरेलाय आणि तिची मुलगी रोरी एका लहान गावात राहतात आणि अखंड बोलतात. इतक्या भरभर की, पहिल्या वेळी निम्मे विनोद मला कळलेच नाहीत. दुसऱ्यांदा शब्द कळले. तिसऱ्यांदा शब्दांआड दडवलेले कळले. रोरीच्या शाळेच्या फीसाठी लोरेलाय आपल्या श्रीमंत आईवडिलांकडे उसने पैसे मागते; बदल्यात दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला जाण्याची अट पत्करते. त्या जेवणातली तिची थट्टा म्हणजे गिळलेला अपमान आहे. कथा ठाऊक असूनही माणसे कीर्तनाला जातात, ती याचसाठी ना?

रोरीला निदान श्रीमंत आजोबा होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईशी बोलायचे विषय दोनच, फी आणि एस.टी.चा पास. परवा ती शेजारी येऊन बसली. भाषा कळेना, तरी म्हणाली, ‘‘मायलेकी एवढं काय बोलतात गं?’’ मी सांगू लागले. मग तीही तिच्या शाळा सुटल्याची हकीकत सांगू लागली. ती मी एकोणीस वर्षांत प्रथमच ऐकली.

याला वेळ दवडणे म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा!