ओळख पटली नाही

परवा रेशनच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी होती. यंत्रावर एकेक बोट टेकवत होती. दुकानदार म्हणाला, ‘काकू, ओयख पटून नाही राह्यली.’ काकू म्हणाली, ‘अरे, तू त ओयखतं ना मले?’ त्याने मान खाली घातली. तिच्या नातवाच्या बारशाला तो जेवून आलेला आहे.

धान्याची चोरी थांबवायला यंत्र हवं, मान्य. पण यंत्र करतं ती ठशांची पडताळणी. तिला ‘ओळख’ म्हणायचा अधिकार सरकारी मराठीला कुणी दिला?

इंग्रजी एका ‘नो’वर सगळं भागवते. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भागवत नाहीत. त्यांच्यात माहीत असण्याला ‘साबेर’, आणि माणसाला किंवा गावाला ओळखण्याला वेगळं क्रियापद: पोर्तुगीजमध्ये ‘कोन्येसेर’, स्पॅनिशमध्ये ‘कोनोसेर’. गालिसियनही हा भेद पाळते. मराठी तर आणखी पुढे जाते. ‘मला पंतप्रधान माहीत आहेत’ हे मी एकटा म्हणू शकतो. ‘आमची ओळख आहे’ म्हणायला त्यांचाही होकार लागतो. ओळख होते, वाढते, जुनी होते. रस्त्यात कुणी ‘ओळखलंत का?’ विचारतं, तेव्हा त्याला आपल्याकडून माहिती नको असते. आणि उपकाराची आपण माहिती ठेवत नाही, जाण ठेवतो. (पोर्तुगीजमध्येही ‘रेकोन्येसिमेन्तु’ म्हणजे ओळखणं आणि कृतज्ञताही.)

पवनारला हा शब्द नीट वापरला गेलेला आहे. १९४० साली गांधीजींनी विनोबांना पहिला वैयक्तिक सत्याग्रही निवडलं, तेव्हा देशातल्या बहुतेकांना हा माणूस कोण ते ठाऊक नव्हतं. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लेख लिहून त्यांची ओळख करून दिली. १७ ऑक्टोबरला विनोबांनी इथे भाषण करून सत्याग्रह सुरू केला. ओळख करून देणारा स्वतःचा शब्द गहाण टाकतो. लेखाखाली सही होती, ती जबाबदारी कुणाची तेही त्यातच आलं. यंत्राच्या नकाराखाली कुणाची सही असते? दुकानदार म्हणतो सर्व्हर, तहसीलवाले म्हणतात वरून, आणि वर विचारलं तर पुन्हा ‘ओळख पटली नाही’ एवढंच छापील वाक्य.

माझी मागणी साधी आहे. पडद्यावर ‘ठसे जुळले नाहीत’ लिहा. मग निदान दोष ठशांचा राहील, काकूचा नाही.

त्या दिवशी सातवं बोट जुळलं. काकूने पिशवी उचलली आणि दुकानदाराला विचारलं, ‘ओयखलं आता?’