‘ऑल-इन-वन’ व्हेप : एका नळीत काय काय भरले आहे?

पेनड्राइव्हसारखी दिसणारी, आंब्याचा-पुदिन्याचा वास सोडणारी नळी आता वस्तीतल्या पोरांच्या खिशातही सापडते. ‘यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे’, असे पोरे सांगतात आणि ‘विडीपेक्षा बरे’ म्हणून घरचेही गप्प बसतात. म्हणून ही वस्तू आधी नीट समजून घेऊ.

‘ऑल-इन-वन’ म्हणजे सगळे एकात : लिथियमची बॅटरी, तापणारी तार, द्रव शोषणारा कापूस आणि द्रवाची टाकी. द्रवात प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाचे अर्क आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. तार तापली की या द्रवाचे बारीक तुषार होऊन छातीत जातात. ती पाण्याची वाफ नव्हे.

यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे विडी-सिगारेटचे डांबर छातीत जात नाही, हे खरे. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना ती म्हणूनच सुचवतात. पण तिथेही एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी आहे. आणि आपला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा सिगारेट सोडत नसतो, तो नवे व्यसन धरत असतो. विडी ओढून संपते. ही नळी दिवसभर तोंडाला लागते आणि किती निकोटीन गेले त्याचा हिशेब राहत नाही. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते. त्या वयात जडलेली सवय सहज सुटत नाही.

आपल्या देशात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद आहे. म्हणजे जो माल मिळतो तो चोरीछुपे येतो. त्यात काय भरले आहे, हे कोणी तपासत नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये भेसळीच्या व्हेपने फुप्फुसे निकामी होऊन ६८ जण दगावले. त्यातल्या बहुतेकांच्या द्रवात गांजाचा अर्क आणि व्हिटॅमिन ई अॅसिटेट होते.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘दहा नग घरात ठेव, कमिशन देतो’, असे कोणी पोराला सांगतो. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; विक्रीला पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माल पुरवणारा नामानिराळा राहतो, पकडले जाते आपले पोर. शिवाय एका खोलीच्या घरात तान्ह्या लेकराच्या हाती तो द्रव लागला आणि पोटात गेला, तर जीवावर बेतते.

म्हणून आमचे मत सरळ आहे : ही वस्तू घरात नको. पण पोराला मारून, चारचौघांत लाज काढून व्यसन सुटत नाही. शेजारी बसवून विचारा. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर व्यसन सोडायला मदत मिळते. आणि पोराला समजावण्याआधी आपल्या हातातली मिश्री, गुटख्याची पुडी खाली ठेवा. मग बोललेले त्याला पटेल.