बजेट ट्रिप, पण कोणाच्या बजेटात?

'सॅक उचला आणि निघा' सांगणाऱ्या रील्सचा मला राग येतो. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. हॉस्टेलचा बंक बेड, रात्रीची बस, हिशोब अगदी चोख. त्यात शेंगेन व्हिसा मात्र नसतो. जून २०२४ पासून त्याची फी ९० युरो आहे, नाकारला तरी परत मिळत नाही. शिवाय ३०,००० युरोंचा विमा, बँक स्टेटमेंट, कुठल्या रात्री कुठे झोपणार याचा तक्ता. ही कसली भटकंती?

सोनिवलीतून आम्ही दोघांनी एकाच प्लॅनवर अर्ज केले. मी आयटीतला, पगाराच्या स्लिपावाला. मित्राचं झेरॉक्सचं दुकान, कमाई बरीचशी रोखीची. मला व्हिसा मिळाला. त्याच्या नकाराच्या छापील फॉर्मवर खूण होती: परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका. अरे, दुकान, आईवडील, बाईकचे हप्ते सगळं इथे. प्रागमध्ये राहून तो काय झेरॉक्स काढणार?

उलट युरोपातल्या बहुतेकांना भारताचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. त्यांनी खुशाल यावं. आमच्या शेजारच्या अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, प्रागच्या चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७ची. त्यांना इथे यायला मोकळीक, आणि पूल बघायला निघालेल्या आमच्यावर संशय.

एजंट मित्राला म्हणतो, पुन्हा अर्ज कर. म्हणजे आणखी ९० युरो.