मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

परकीयांच्या येण्याजाण्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकार सरकारास आहे की नाही, हा वादाचा प्रश्नच नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी हीच सावधगिरी सांगितली आहे: व्यापारापुरते त्यांस येऊ-जाऊ द्यावे, परंतु समुद्रकाठी ठाणे करू देऊ नये, वखारीस जागा देणे पडलेच तर ती किनाऱ्यापासून आत द्यावी. ही नीती आजच्या राज्यासही सोडता येणार नाही. प्रश्न एवढाच की, पहारा कोठे बसवावयाचा आणि तो कोणत्या न्यायाने चालवावयाचा?

1920, 1939, 1946 व 2000 या सालांचे चार कायदे रद्द करून परकीयांविषयीचा एकच नवा कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून अंमलात आला. त्याचा भार केवळ बंदरावर वा विमानतळावर पडत नाही. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यापलीकडे मावळात वसलेल्या आंबीपर्यंत तो पोचतो. आंबीस विद्यापीठ आहे, शेजारी तळेगावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे परदेशी विद्यार्थी वा कारागीर उतरला की, त्याची वर्दी देण्याची जबाबदारी खोली देणाऱ्यावर, शिक्षणसंस्थेवर, तो आजारी पडल्यास रुग्णालयावरही येते. हे काम आमच्या व्यापारी बंधूंनी चोख करावे, असेच आमचे सांगणे आहे.

पण आजवर संकट आले ते कोणत्या वाटेने? 1993 च्या आरंभी रायगडच्या किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे स्फोटके उतरली. त्या प्रकरणी कस्टम खात्याचे अंमलदारच न्यायालयात दोषी ठरले. कायदा अपुरा नव्हता, पहारेकरी फितूर होता! 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर चालून आलेल्या दहा मारेकऱ्यांनी समुद्रात ‘कुबेर’ ही आपल्याच देशाची मासेमारी नौका बळकावली होती. आणि त्यांच्यासाठी आधी टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली अमेरिकेच्या पासपोर्टावर, रीतसर व्हिसा घेऊन, राजरोस ये-जा करीत होता. कागद होता, पारख नव्हती.

असे असता नव्या कायद्याची धार कोणावर चालते? प्रवेश नाकारण्याच्या कामी अंमलदाराचा निर्णय अंतिम ठरविला आहे. आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा बोजाही संशय आलेल्या मनुष्यावरच ठेविला आहे. ज्या गरिबाचा जन्माचा दाखला पुरात वाहून गेला, त्या स्वदेशीयानेही तो वाहावा, असा याचा अर्थ होतो. परक्या सरकारने 1946 साली घातलेले हे जोखड स्वराज्याने जसेच्या तसे उचलावे, हे आम्हांस मुळीच प्रशस्त वाटत नाही.

प्रवेश नाकारल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत. त्यावर अपील असावे. संशय घेणाऱ्याने प्रथम आधार दाखवावा. आणि किनाऱ्यावरील पहारेकऱ्यावरही पहारा असावा. एवढे न करता आंबीच्या खोलीवाल्याची वही तपासून सरकार स्वस्थ बसेल, तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होईल. आणि चोर पुन्हा मोकळ्या दरवाजानेच आत येईल.