एकेरीचा खेळ, एकट्याचा भार

खेळाची वार्ता वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर द्यावयाची, ही रूढी आम्हीही पाळीत आलो आहोत. आज ती मोडून खेळाचा विषय आम्ही पहिल्या पानावर घेत आहोत, ह्याचे कारण कोणी नवे विजेतेपद मिळविले हे नव्हे. विजयाच्या दिवशी अभिनंदनाचे चार शब्द लिहिणे सोपे असते. तो विजय कोणाच्या खर्चाने मिळाला, ह्याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. तो हिशेब आज आम्हांस मांडावयाचा आहे. विदर्भाच्या एका कन्येची बॅडमिंटनमधील कारकीर्द डोळ्यांपुढे ठेवली, तर बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडसारख्या गावच्या मुलीला त्या वाटेने चालता येईल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मालविका बनसोड हे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नाही. २००१ साली नागपुरात जन्मलेल्या ह्या डावखुऱ्या खेळाडूने २०१९ मध्ये मालदीव व नेपाळ येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आपले आगमन जाहीर केले. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत तिने सायना नेहवालचा २१-१७, २१-९ असा पराभव केला, तेव्हा देशाने तिच्याकडे प्रथम वळून पाहिले. त्याच महिन्यात लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत ती अंतिम फेरीस पोहोचली व तेथे पी. व्ही. सिंधूकडून हरली. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधील चांगझोऊ येथे तिने इंडोनेशियाच्या ग्रेगोरिया मारिस्का तुनजुंग हिला २६-२४, २१-१९ असे नमविले आणि पुढे उपान्त्यपूर्व फेरी गाठली. ही तुनजुंग म्हणजे सहाच आठवड्यांपूर्वी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविलेली खेळाडू होय. त्याच वर्षी जर्मनीतील हायलो ओपन स्पर्धेतही मालविकाने अंतिम सामना खेळला. २०२५ च्या मध्यास गुडघ्याच्या दुखापतीने तीस कोर्टापासून दूर केले. एकेरीच्या खेळाडूच्या आयुष्यात असा एक दिवस वर्षानुवर्षांच्या कष्टांवर पाणी फिरवू शकतो.

चांगझोऊच्या त्या सामन्यात जाळ्याच्या दोन्ही बाजूंस दोन मुली उभ्या होत्या. पण वस्तुतः तेथे दोन निराळ्या व्यवस्था समोरासमोर आल्या होत्या. तुनजुंग ही मध्य जावातील वोनोगिरी ह्या लहानशा भागातील. तीही घर सोडून दूर गेली. परंतु ती एका संस्थेत गेली. बांडुंगच्या मुतियारा क्लबाने तीस घडविले, २०१७ मध्ये ती कुमार गटातील जगज्जेती झाली, आणि जकार्ताच्या राष्ट्रीय शिबिरात तिच्या सरावाची व्यवस्था राष्ट्रीय संघटनेने केली. मालविकेने नागपूर सोडले ते प्रशिक्षक संजय मिश्रा ह्यांच्या मार्गदर्शनासाठी. आणि गेली ती शेजारच्या राज्यात, रायपूरला. आईवडील दोघेही दंतवैद्य. आई मुलीबरोबर गेली. मुलीच्या खेळास उपयोग व्हावा म्हणून तिने क्रीडाविज्ञानाची पदव्युत्तर पदवीही मिळविली. इंडोनेशियात जे काम क्लब करतो, ते आमच्याकडे एका कुटुंबाने केले. ह्या मातापित्यांपुढे आमचे मस्तक नम्र होते. पण एक खेळाडू घडावयाचा तर एका घराने आपली घडी मोडावी, हा नियम होऊ देणे समाजाला शोभणारे नाही.

हा खेळ इंडोनेशियास आमच्याहून अधिक जवळचा होता, असे कोणी म्हणेल तर ते इतिहासास धरून होणार नाही. १८७० च्या दशकात ह्या खेळाचे नियम प्रथम बांधले गेले ते पुण्याच्या लष्करी छावणीत, आणि 'पूना' ह्या नावानेच तो काही काळ ओळखला जात होता. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशी भूमीवर आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्याआधी १९५४ मध्ये ते ऑल इंग्लंडच्या अंतिम आठांत पोहोचले होते, आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. म्हणजे इंडोनेशियाने १९५८ मध्ये थॉमस चषक प्रथम जिंकला, त्याच्या दोन वर्षे आधी महाराष्ट्राचा पुत्र जिंकून आला होता. भारताला तो चषक मिळावयास २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आपण अंतिम सामन्यात इंडोनेशियालाच ३-० असे हरविले, हे खरे. पण तोवर इंडोनेशियाने तो चषक चौदा वेळा नेला होता. त्यांनी एका विजयातून परंपरा उभारली आणि आम्ही नाटेकरांचे कौतुक करून घरी गेलो!

ही परंपरा त्यांनी कशी उभारली? मध्य जावात कुडुस नावाचे एक गाव आहे. तेथे लवंगी सिगारेटींचा कारखाना. १९६९ मध्ये त्या कारखान्याच्या एका लांबरुंद दालनात दिवसा कामगार सिगारेटी वळीत आणि संध्याकाळी तेथेच जाळे बांधून बॅडमिंटन खेळत. त्या दालनातून जारुम हा क्लब वाढला आणि त्याच क्लबातून लीम स्वी किंग हा तीन वेळा ऑल इंग्लंड जिंकणारा खेळाडू निघाला. १९८० च्या ज्या ऐतिहासिक अंतिम सामन्यात प्रकाश पदुकोण ह्यांनी विजय मिळविला, त्यातील पराभूत प्रतिस्पर्धी हाच. आरंभी तेथे कोनशिला नव्हती की मंत्र्याचे भाषण नव्हते. छप्पर होते, शिकविणारा होता आणि रोजचा नेम होता.

आता दुसरबीडकडे वळू. सिंदखेडराजा तालुक्यातील हे गाव. ज्या मातीने जिजाऊंना जन्म दिला, त्या मातीतले. कापूस आणि सोयाबीन ह्यांच्या भावावर तेथील घराघरांचे वर्ष अवलंबून असते. दुसरबीडने सहकारी साखर कारखाना उभा राहिलेला पाहिला आणि तो बंद पडलेलाही पाहिला. भिंती उभ्या राहणे निराळे आणि चाक फिरत राहणे निराळे, हा धडा ह्या गावास दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. समृद्धी महामार्ग ह्याच तालुक्यातून गेला. त्या रस्त्याने नागपूर जवळ आले, मुंबईही जवळ आली. पण दुसरबीडच्या मुलीपासून बॅडमिंटनचा हॉल जेवढा दूर होता, तेवढाच दूर राहिला.

बॅडमिंटन हा मैदानावर शिकता येणारा खेळ नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याचे फूल, ज्यास मुले शटल म्हणतात, सोळा पिसांचे असते आणि त्याचे वजन साडेपाच ग्रॅमपेक्षा अधिक नसते. वाऱ्याची एक झुळूक त्याची दिशा बदलते. म्हणून बंदिस्त आणि उंच छताची जागा हवीच. शिवाय पिसांच्या चांगल्या बारा फुलांच्या डब्यास आज दोन हजारांहून अधिक रुपये पडतात, आणि कसून सराव करणाऱ्या खेळाडूच्या हातून एका दिवसात अनेक फुले मोडतात. दंतवैद्याच्या घरातही हा खर्च जाणवतो. मग चार एकर कोरडवाहू जमिनीच्या घरात काय होईल? तेथे गुणवत्ता हरत नाही, कारण तीस कोर्टावर उतरताच येत नाही.

गुणवत्ता खेड्यात असती तर ती आपोआप वर आली असती, असे म्हणणारे शहाणे आमच्या शहरांत पुष्कळ आहेत. त्यांनी ह्याच जिल्ह्यातील प्रथमेश जावकर ह्या धनुर्धराचे उदाहरण अभ्यासावे. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत ह्या बुलढाण्याच्या तरुणाने जगातील अव्वल धनुर्धर माईक श्लोसर ह्यास हरवून सुवर्णपदक जिंकले. आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात नागपूरच्या ओजस देवतळेबरोबर तोही होता. धनुर्विद्येस मोकळे मैदान पुरते, आणि शिकविणारा जवळ मिळाला. जेथे साधन आणि गुरू एकत्र आले, तेथे बुलढाणा जिल्हा जगज्जेत्यांच्या पंक्तीस बसला. बॅडमिंटनमध्ये तो बसत नसेल, तर दोष त्या मातीत शोधू नये.

तालुक्या-तालुक्यात क्रीडा संकुले बांधण्याचे धोरण महाराष्ट्र सरकारने स्वीकारले, त्यास दोन दशकांहून अधिक काळ लोटला. धोरण योग्यच होते. परंतु इमारत आणि क्रीडा ह्यांत आमची सरकारे नेहमी गल्लत करीत आली आहेत. नागपूरच्या मानकापूर संकुलाचेच पाहा. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात सायनाने सिंधूला हरविले. तो सोहळा नागपूरकरांनी डोळे भरून पाहिला. पण त्याच शहराच्या मुलीस गुरू शोधावयास रायपूरची वाट धरावी लागली. मुंबईची गोष्ट ह्याहून फार निराळी नाही. थॉमस चषक जिंकणाऱ्या संघातील चिराग शेट्टी मुंबईचा. पण उच्च प्रशिक्षणासाठी त्यास हैदराबादला गोपीचंद ह्यांच्या अकादमीत जावे लागले. हॉल शिकवीत नाही. माणूस शिकवितो, आणि त्या माणसास नियमित वेतन द्यावे लागते.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जेथे शेतकरी कर्जाने पिचला आहे, तेथे बॅडमिंटनच्या गोष्टी कसल्या करता, असे विचारले जाईल. आमचे उत्तर असे की, शेतकऱ्याच्या हक्काचा पैसा खेळाकडे वळवा असे आम्ही म्हणत नाही. खेळाच्या नावाने जो पैसा खर्च होतोच आहे, तो सिमेंटऐवजी माणसांवर खर्च करा, एवढेच आम्ही म्हणतो. दुसरी गोष्ट अशी की, खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी नव्व्याण्णव जणी आंतरराष्ट्रीय खेळाडू होणार नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. पण संध्याकाळी दोन तास निर्भयपणे धावणारी, हरून पुन्हा उभी राहणारी मुलगी लवकर लग्नाच्या बोहल्यावर उभी करणे तिच्या बापास जड जाईल. ही कमाई कोणत्याही पदकाहून लहान नाही.

म्हणून सरकारकडे आमची मागणी तीन गोष्टींची आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, जेथे बंदिस्त हॉल आहे तेथे, पूर्ण वेळ वेतनावर एक प्रशिक्षक नेमावा. त्याचे वेतन इमारतीच्या देखभालीइतकेच अटळ मानावे. फुलांसाठी आणि रॅकेटच्या तारांसाठी दरवर्षी निश्चित रक्कम राखून ठेवावी, कारण फुलांवाचून हॉल म्हणजे औषधावाचून दवाखाना. आणि बाहेरगावच्या मुलींच्या जाण्यायेण्याची सोय शाळेच्या वेळेशी जुळवून करावी; संध्याकाळी सहानंतर एस. टी. नसेल, तर दुसरबीडच्या मुलीसाठी तालुक्याचे ठिकाणही परदेशच होय.

पण केवळ सरकारास चार शब्द सुनावून मोकळे होण्याची सवय आम्हां शहरवासीयांनी आता सोडावी. आमच्या जिमखान्यांतून आणि क्लबांतून उत्तम कोर्टे आहेत, आणि दुपारच्या वेळी त्यांपैकी कित्येक रिकामी असतात. सभासदांची सायंकाळ आम्ही मागत नाही; रिकामी दुपार मागतो. उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यांतील दहा मुलींची राहण्याजेवण्याची सोय एखाद्या क्लबाने केली, तर त्याचे दिवाळे निघणार नाही. गावोगावी मुलीचे कौतुक करणारे फलक लावण्यास जेवढा पैसा लागतो, तेवढ्यात एका मुलीचे वर्षभराचे बूट येतात.

एकेरीचा खेळाडू कोर्टावर एकटा असतो. तेथे त्याच्या मदतीस कोणी येऊ शकत नाही आणि येऊही नये. त्या चार रेषांच्या आतील एकटेपण हे ह्या खेळाचे सौंदर्य आहे. पण त्या रेषांच्या बाहेरचे एकटेपण हा आमचा अपराध आहे. मालविका बनसोडने तो भार आपल्या आईवडिलांच्या बळावर पेलला. दुसरबीडच्या मुलीपाशी ते बळ नाही. तीस ते कोण देणार, ह्याचे उत्तर पुढील विजयाच्या दिवशी हारतुरे घेऊन विमानतळावर जाण्यापूर्वी महाराष्ट्राने दिले पाहिजे.